झाडाची अर्धी झोप

झाड आत आणल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हॉल चार पावलांनी लांब झाला होता.

अण्णांनी तो दोनदा मोजला. दामोदर शेडगे, म्हणजे अण्णा, कऱ्हाडच्या एसटी डेपोत तेहेतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. जी गोष्ट मोजून वहीत लिहिली नाही ती झालीच नाही, असं मानणाऱ्या माणसांपैकी ते एक. काल संध्याकाळपर्यंत सोफ्यापासून बाल्कनीच्या दारापर्यंत नऊ पावलं होती. आज तेरा. भिंतीला तडा नव्हता, गालिच्याला जोड नव्हता. मधे फक्त चार पावलांची नवी जागा होती, आणि ती पहिल्यापासून तिथंच असल्यासारखी जरा मळलेलीही होती.

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर तापमापक होता. त्यात उणे चार दिसत होतं. अण्णांनी वहीत लिहिलं: उणे चार, चार पावलं. मग त्यांनी चहा ठेवला.

हे घर त्यांचं नव्हतं. घर मुलाचं, निरंजनचं. कॅनडातल्या विनिपेग नावाच्या गावात, सातव्या मजल्यावर, एक बेडरूम, एक हॉल, स्वयंपाकघर आणि बाल्कनी. निरंजन खाणीतल्या यंत्रांचा इंजिनिअर. नोव्हेंबर ते मार्च त्याला उत्तरेकडच्या एका खाणीवर मुक्काम पडला होता. फ्लॅट रिकामा राहिला असता तर काही बिघडत नव्हतं. प्रश्न बाल्कनीतल्या झाडाचा होता. ते ज्युनिपर नावाच्या थंड मुलखातल्या झाडाचं बोन्साय होतं, दीड फूट उंच, बुंधा मनगटाएवढा. निरंजननं इथल्या पहिल्याच हिवाळ्यात ते घेतलं होतं आणि अठरा वर्षं सांभाळलं होतं. तो त्या झाडाशी मराठीत बोलतो हे अण्णांनी आल्या दिवशीच ऐकलं. बापाशी बोलतो त्यापेक्षा जास्त बोलतो, हेही त्यांच्या लक्षात आलं.

तरीही निरंजननं तिकीट पाठवून अण्णांनाच बोलावलं होतं. त्यांची बायको शालनबाई लेकीच्या बाळंतपणात अडकल्या होत्या, म्हणून एकट्या अण्णांना. विमानात बसल्यापासून त्यांच्या छातीत काहीतरी भरून आलं होतं, कारण गेल्या अठ्ठावीस वर्षांत या मुलानं बापाच्या हवाली एकही वस्तू केली नव्हती.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्याच्याकडे रेशमाचे किडे होते. बुटाच्या खोक्यात बावीस किडे, शाळेच्या प्रयोगासाठी. तीन दिवसांच्या शिबिराला जाताना त्यानं ते अण्णांकडे दिले. अण्णांनी तुतीचा पाला आणला, आणि बाहेरचा पाला मुक्या जिवांना असाच कसा द्यायचा म्हणून प्रत्येक पान नळाखाली चोळून धुतलं. तसाच ओला पाला खोक्यात घातला. ओल्या पाल्यानं रेशमाचे किडे मरतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिबिराहून आल्यावर निरंजननं खोकं उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि नुसतं "बरं" म्हणाला. तो रडला असता तर अण्णांना सोपं गेलं असतं. ते "बरं" अजून त्यांच्या कानात होतं.

तेव्हा हे झाड मार्चमध्ये जिवंत परत द्यायचं, एवढंच अण्णांना आता आयुष्यात करायचं होतं. बाकी सगळं करून झालं होतं.

जाण्याआधी निरंजननं सगळं नीट समजावलं. बाल्कनीच्या कोपऱ्यात थर्माकोलचं एक मोठं खोकं होतं, लाकडाच्या सालींच्या भुग्यानं भरलेलं. त्यात झाडाची कुंडी काठापर्यंत पुरलेली.

"याला थंडीत झोपावं लागतं, अण्णा. तीन महिने. झोप झाली नाही तर वसंतात मरतं. वर बर्फ पडला तर पडू द्या. आत मात्र आणायचं नाही. काहीही झालं तरी."

"न्हाई आणत," अण्णा म्हणाले आणि त्यांनी गळ्याला चिमटा घेतला.

मग निरंजननं मागच्या एका फांदीला अंगठ्याचं नख लावून तिळाएवढी साल खरवडली. आत ओलं, हिरवं दिसलं.

"हे हिरवं म्हणजे जिवंत. वरच्या हिरव्यावर जाऊ नका. हे झाड मेल्यावरही दोन-तीन महिने हिरवंच दिसतं."

"मग मेलंय हे त्येचं त्येला तरी कळतंय का?"

"माहीत नाही," निरंजन म्हणाला, आणि बॅग उचलून निघाला.

लिफ्टचं दार मिटल्यावर अण्णांना आठवलं की मुलाच्या हातावर दही घालायचं राहिलं. ते काम नेहमी शालनबाईंचं. अण्णा चमचा घेऊन लिफ्टसमोर थोडा वेळ उभे राहिले, आणि मग ते दही त्यांनी स्वतःच खाल्लं.

आठवडाभर अण्णांनी शब्द पाळला. नंतर एके संध्याकाळी वारा सुटला. अण्णा आत हीटरपाशी पाय पसरून बसले होते, आणि काचेपलीकडे झाड थरथरत होतं. नुसतं हललं असतं तर गोष्ट वेगळी, पण दात वाजताना माणूस थरथरतो तसं थरथरत होतं. अण्णांनी बाहेर जाऊन आपली कानटोपी त्याला घातली, शालनबाईंनी विणलेली, मरून रंगाची. झाडाला ती बेताची बसली. थरथर थांबली नाही. आता दारात कुणी गारठून उभं असेल आणि आपण आत पाय शेकत बसायचं, हे कुठल्या घरात चालतं? "आजची रात्र फक्त," असं म्हणून अण्णांनी कुंडी उपसली आणि झाड आत आणून हीटरशेजारी टीपॉयवर ठेवलं. दिलेला शब्द त्यांना आठवत होता. पण शब्द देताना झाड थरथरत नव्हतं, एवढा युक्तिवाद त्यांनी करून ठेवला होता.

सकाळी हॉल तेरा पावलांचा झाला.

तेरा म्हणजे काही फार नव्हे. अण्णा लगेच झाड बाहेर ठेवायला निघाले, पण बुंध्याला हात लावला तर तो गरम. अंग गरम असताना वाऱ्याला जाऊ नये, हे त्यांच्या घरात लहान पोरालाही ठाऊक. तापलेल्या अंगानं बाहेर पाठवलं तर उद्या पडसं, परवा ताप. आधी थंड होऊ दे, म्हणून त्यांनी टीपॉय हीटरपासून लांब ओढला आणि सोफ्याच्या टोकाशी ठेवला.

त्या दिवशी उणे अकरा होतं. दुसऱ्या सकाळी हॉल चोवीस पावलं भरला.

बुंधा अजून कोमट होता.

तिसऱ्या दिवशी अण्णांना कळलं की ही जागा येते कुठून. बेडरूमचं कपाट उघडेना, कारण समोरचा पलंग दाराला टेकला होता. स्वयंपाकघरात कोपर न मुडपता पोळी लाटता येत नव्हती. हॉल बाकीच्या खोल्यांमधून जागा घेत होता, आणि अगदी चोखपणे घेत होता, बाहेर जितके उणे तितकी पावलं. डेपोतल्या माणसाला चोख कारभाराचं कौतुक असतंच. अण्णा वही भरत राहिले. फक्त एक गोष्ट त्यांना समजत नव्हती, की हे सगळं चांगलं चाललंय की वाईट. खोली मोठी होणं वाईट कसं असेल? आणि चांगलं असेल तर निरंजनला सांगावंसं का वाटत नाही?

रविवारी निरंजनचा फोन आला. खाणीवरून तेवढ्याच दिवशी फोन लागायचा.

"अण्णा, झाड बाहेर आहे ना?"

समोर टीपॉयवर झाड कानटोपी घालून बसलं होतं.

"बाहेरच हाय," अण्णा म्हणाले.

"फोटो पाठवा."

फोन ठेवल्यावर अण्णांना घाम फुटला. बाल्कनी आता बरीच लांब होती, आणि तिकडे धुकं होतं. त्यांनी फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे काढला, खडे फडक्यात बांधून लाटण्यानं कुटले, झाडाची टोपी काढली आणि तो चुरा, न फुटलेल्या चार-दोन खड्यांसकट, झाडावर भुरभुरला. मागे पांढरी चादर धरायला दोन हात पुरेनात, तेव्हा चादरीचं टोक दातात धरलं. फोटो छान आला. दोन तासांनी निरंजनचं उत्तर आलं. नुसतं "बरं."

अण्णांनी ते एका शब्दाचं उत्तर कितीतरी वेळा वाचलं आणि त्यांना त्यातून काही उलगडेना.

"पोराशी खोटं बोलताय तुम्ही," दुसऱ्या दिवशी फोटोची हकीगत ऐकून शालनबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर नातू होता. "आन् ते मागं एवढं लांब काय दिसतंय?"

"हॉल हाय."

"एवढा हॉल? आन् पोरगा म्हणायचा घर लहान हाय."

"आता वाढलाय."

"बरं," शालनबाई म्हणाल्या. "झाडूपोछाला वेळ लागत असंल मग."

डिसेंबर असाच गेला. उणे पंधरा, उणे एकोणीस, उणे चोवीस. सोफा जागच्या जागी राहिला, पण बाल्कनीचं दार आधी काडेपेटीएवढं झालं, नंतर तिळाएवढं, आणि नाताळच्या सुमारास दिसेनासं झालं. त्या टोकाकडून गार वास यायचा. कधी कधी पांढरी भुकटी गालिच्यावरून सरपटत सोफ्यापर्यंत यायची आणि थांबायची. इकडे बेडरूम पलंगाएवढीच उरली, नंतर पलंगाहून थोडी कमी. अण्णा कुशीवर झोपू लागले. फ्लॅटचं मुख्य दार शेगडीला येऊन टेकलं. दाराची घंटा वाजली असती तर अण्णांना भाजी ढवळता ढवळता दार उघडता आलं असतं, पण घंटा वाजली नाही.

झाड हिरवंच होतं. रोज सकाळी अण्णा त्याच्या मागच्या फांदीवर अंगठ्याचं नख टेकवायचे. दाबायचा धीर एकदाही झाला नाही. आत हिरवं नसलं तर? बुटाचं खोकं उघडणारा अकरा वर्षांचा पोरगा त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहायचा, आणि ते नख काढून घ्यायचे.

जानेवारीच्या मध्याला, उणे एकतीस असताना, अण्णांनी इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे जायचं ठरवलं. तळमजल्यावर मिसेस कोवाल राहायच्या. सत्तरीच्या, जाड भिंगांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. अण्णांचं इंग्रजी डेपोतलं, म्हणजे चौकशी, वेळापत्रक आणि तक्रार एवढ्याला पुरणारं. कोवालबाईंचंही तेवढंच. त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं.

"सातशे चारमधला हॉल लांब झाला आहे," अण्णा म्हणाले.

"किती?"

"अकराशे चौऱ्याण्णव पावलं."

कोवालबाईंनी चष्मा पुसला. "बाहेरचं झाड आत आणलंत."

"एका रात्रीपुरतं."

"सगळे एका रात्रीपुरतंच आणतात," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. नळ गळतोय म्हटल्यावर त्या ज्या आवाजात बोलायच्या त्याच आवाजात बोलत होत्या. "त्याला बाहेर न्या."

"बाल्कनी फार लांब आहे."

"चालत न्या. नाहीतर जागा संपेल तुमची. किती उरली आहे?"

अण्णांनी हात पसरून दाखवली. डेपोतली त्यांची केबिन तेवढीच होती.

"हं. चार-पाच दिवस," बाई म्हणाल्या. "आणि आता नेलंत तरी झाडाची झोप पुरी होणार नाही. हिवाळा अर्धा गेला. दुसऱ्या कुणी अर्धी वाटून घेतली तरच."

"झोप वाटून घेता येते?"

"शेजारी झोपायचं," बाई म्हणाल्या. "त्याला अर्धी, तुम्हाला अर्धी."

अण्णा विचारात पडले. तेहेतीस वर्षं पहाटेची पहिली गाडी सोडून त्यांची झोप कायमची मोडली होती. निवृत्तीनंतरही ते तीनला उठून बसायचे. त्यांना वाटलं, आपल्याकडे न झोपलेली झोप भरपूर शिल्लक असेल. वर येऊन त्यांनी शालनबाईंना फोन लावला.

"मार्चपतुर माझा फोन लागायचा न्हाई."

"का हो?"

"झाडाला बाहेर न्यायचंय. तितंच थांबावं लागंल."

शालनबाईंनी पाळण्याला झोका दिला. मागे बाळ रडत होतं. "टोपी घाला," त्या म्हणाल्या.

"टोपी झाडाला घातलीया."

"मग मफलर घ्या. आन् हातावर दही घेतल्याबिगर निघू नका. ऐकलं का?"

"ऐकलं."

"घरातल्या घरात जायचं म्हणून तसंच निघाल," शालनबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला अण्णा निघाले. चार दशम्या, लसणाची चटणी, थर्मासमध्ये चहा. वहीत त्यांनी सुटण्याची वेळ लिहिली आणि वही सोफ्यावर ठेवली. डाव्या तळहातावर चमचाभर दही घेऊन चाटलं. मग झाड उचलून छातीशी धरलं आणि बाल्कनीच्या दिशेनं चालू लागले.

पहिली दोनशे पावलं नुसता गालिचा होता. छतावर दिवे होते, ठरावीक अंतरावर. उजव्या भिंतीवर घरचा फोटो लागला. महाबळेश्वरला काढलेला, निरंजन बारा वर्षांचा असतानाचा. भिंतीबरोबर फोटोही लांबला होता. आधी निरंजन आला, हाफ पँटमध्ये, डोळे बारीक केलेला. नंतर पन्नास पावलं नुसती हिरवळ. मग शालनबाई, पदर सावरत. मग पुन्हा हिरवळ सुरू झाली आणि संपेचना. अण्णा चालत राहिले. शेवटी, झाडाच्या वजनानं दंड भरून आले तेव्हा, फोटोच्या दुसऱ्या टोकाला त्यांना ते स्वतः भेटले, पांढऱ्या शर्टात, हात मागे बांधून. एवढ्या लांब उभे होतो आपण? त्यांना तो दिवस वेगळाच आठवत होता. त्यांना आठवत होतं की त्यांचा हात पोराच्या खांद्यावर होता. ते थांबून फोटोकडे बघत राहिले, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

फोटोच्या पुढे गालिच्यावर दव होतं, मग पांढरा थर, मग बर्फ. घोट्यापर्यंत, नंतर पोटऱ्यांपर्यंत. छताचे दिवे अजून होते, पण त्यांच्याभोवती धुकं होतं. बर्फात कुठल्याशा सशाच्या पावलांचे ठसे एका भिंतीकडून दुसऱ्या भिंतीकडे गेले होते, आणि दोन्हीकडे भिंतीत दार नव्हतं. सहाशे पावलांवर अण्णांनी दशमी खाल्ली. दशमीचा तुकडा मोडताना काचेसारखा आवाज आला.

"चला, आलंच आता," ते झाडाला म्हणाले. "पुढचा थांबा बाल्कनी."

त्याचा बुंधा आता गार लागत होता, आणि अण्णांना बरं वाटलं.

दुपारी कधीतरी काचेचं दार आलं. त्यामागे बाल्कनी, जशी होती तशीच, तीन पावलं रुंद. खालून गाड्यांचा आवाज येत होता. कोपऱ्यात थर्माकोलचं खोकं होतं आणि भुग्यात कुंडीच्या आकाराचा खड्डा तसाच होता. अण्णांनी कुंडी त्यात बसवली आणि भुगा काठापर्यंत लोटला. मग त्यांच्या लक्षात आलं की शेजारी आणखी एक खड्डा आहे. दोन पायांएवढा. तो नोव्हेंबरमध्येही होता का? निरंजननं खोकं एवढं मोठं का केलं असेल, असं त्यांच्या मनात तेव्हाही आलं होतं. विचारायचं राहून गेलं होतं.

त्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडीनं ठेवले. खड्ड्यात उतरून भुगा गुडघ्यांपर्यंत ओढून घेतला. भुग्यात ऊब नव्हती, पण थंडीही नव्हती. वारा आला तेव्हा झाड आणि ते एकदमच थरथरले. दुसऱ्यांदा वारा आला तेव्हा दोघंही थरथरले नाहीत.

झोप आली ती डेपोत कधी आली नव्हती अशी. तिच्यात फक्त एक आवाज होता. घरात कुठेतरी फार लांब फोन वाजायचा, बराच वेळ वाजून थांबायचा. अण्णांना वाटायचं, आज रविवार. मग पुन्हा काही नाही. असे आठ रविवार झाले.

जाग आली ती थेंबानं. वरच्या बाल्कनीच्या कठड्यावरून बर्फाची सळई वितळत होती आणि थेंब अण्णांच्या खांद्यावर पडत होता. खांद्यावर, हातांवर बर्फाचे पांढरे पट्टे होते. शेजारी झाड हिरवं होतं, कानटोपीसकट. आपण जागे आहोत की झाड जागं झालंय आणि आपल्याला कळतंय, हे अण्णांना नीट सांगता आलं नसतं.

काचेतून हॉल दिसला. नऊ पावलांचा. सोफा, टीपॉय, वही. भिंतीवर वीतभर फोटो.

मुख्य दार उघडलं आणि निरंजन आत आला. हातात बॅग, वाढलेली दाढी. त्यानं बेडरूममध्ये डोकावलं, स्वयंपाकघरात डोकावलं. "अण्णा?" मग सोफ्यावरची वही उचलून उभ्या उभ्या वाचली, शेवटच्या पानापर्यंत. वही खाली ठेवताना त्यानं ती जपून ठेवली. मग नऊ पावलं चालून त्यानं काचेचं दार सरकवलं. दाराशी जोडीनं ठेवलेले बूट बघितले, झाड बघितलं, अण्णांना बघितलं.

अण्णांनी ठरवलं होतं की आधी आपण बोलायचं. ओठ उघडायला वेळ लागला.

"निरंजन, मी झाड आत आणलं हुतं."

"माहीत आहे," निरंजन म्हणाला. "फोटोत बर्फाचे खडे चौकोनी होते."

"मग बोलला न्हाईस."

"तुम्ही काळजी घेत होता," तो म्हणाला. तो खोक्याशेजारी उकिडवा बसला. झाडाची कानटोपी काढून त्यानं ती झटकली आणि अण्णांच्या डोक्यात घातली, कानांवर नीट ओढून. अकरा वर्षांच्या पोरासारखा तो जवळून, डोळे बारीक करून बघत होता.

"हिरवं दिसतंय," अण्णा म्हणाले. "दिसतंय न्हवं?"

"दिसतंय."

"पण तेवढ्यावर जायचं न्हाई."

"नाही," निरंजन म्हणाला.

त्यानं हातमोजा काढला. अण्णांना वाटलं, आता तो मागची फांदी धरणार. पण त्यानं अण्णांचा हात हातात घेतला, बाही कोपरापर्यंत सारली, आणि मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याचं नख टेकवलं.

"हलू नका," तो म्हणाला.

अण्णा हलले नाहीत. तेही मान वाकवून बघू लागले.